छद्मविज्ञानाला लष्करी खजिना का उघडतो?

(पक्षाच्या एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९५९ च्या उन्हाळ्यात अमेरिकन नौदलाची ‘नॉटिलस’ ही पाणबुडी कोठे होती, या साध्या प्रश्नापासून आजच्या विषयाला सुरुवात करणे सोयीचे होईल. अणुशक्तीवर चालणारी ही पाणबुडी आदल्याच वर्षी उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून पार जाऊन जगप्रसिद्ध झाली होती. १९६० च्या फेब्रुवारीत ‘सियांस ए व्ही’ या फ्रेंच मासिकाने एक खळबळजनक वृत्तान्त छापला. ‘नॉटिलस’ समुद्राच्या पोटात असताना तिच्यातील एका माणसाने, दूर जमिनीवर बसलेला दुसरा माणूस मनात कोणती आकृती धरून आहे हे दिवसामागून दिवस ओळखून दाखविले, असे त्यात म्हटले होते. साधी रेडिओलहर खोल पाण्यात शिरत नाही. तेव्हा बुडालेल्या पाणबुडीशी मनोमन बोलता आले तर नौदलाला ते हवेच असणार, असा एकूण सूर होता. अमेरिकन नौदलाने या वृत्ताचा इन्कार केला. ज्या दिवसांत प्रयोग झाल्याचे सांगण्यात आले होते, त्या दिवसांत ‘नॉटिलस’ पोर्ट्समथच्या गोदीत दुरुस्तीसाठी पडून होती!

ही गोष्ट येथेच संपावयास हवी होती. परंतु लेनिनग्राडमध्ये लिओनिद वासिल्येव्ह नावाचे एक शरीरशास्त्रज्ञ होते. मनाने मनाला दिलेल्या सूचनांवर त्यांनी क्रांतीनंतरच्या दोन दशकांत प्रयोग केले होते आणि पुढे ते काम बंद पडले होते. फ्रेंच मासिकातील वृत्तान्त हाती येताच त्यांनी सोव्हिएत शास्त्रज्ञांच्या सभेत तो पुढे केला. अमेरिकन नौदल ज्या गोष्टीवर प्रयोग करीत आहे ती गोष्ट आपण सोडून देणे योग्य नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच वर्षी लेनिनग्राड विद्यापीठात त्यांना प्रयोगशाळा मिळाली. पुढे या प्रयोगशाळेची आणि तिच्यासारख्या इतर प्रयत्नांची वार्ता पश्चिमेत झिरपली. १९७० मध्ये ‘पोलादी पडद्याआडच्या’ अतींद्रिय संशोधनावर दोन लेखिकांचे एक पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि खूप खपले. १९७२ च्या जुलैत अमेरिकन संरक्षण हेरखात्यासाठी एक जाडजूड अहवाल तयार झाला. सोव्हिएत संघाला दूर बसून गुप्त कागद वाचण्याची, सैन्याच्या हालचाली जाणण्याची, इतकेच नव्हे तर दुरून माणूस मारण्याचीही विद्या साध्य होऊ शकेल, अशी भीती त्यात घातली होती.

न झालेल्या प्रयोगाची अफवा पॅरिसमार्गे लेनिनग्राडला गेली आणि तेथे खरी प्रयोगशाळा उभी राहिली. त्या प्रयोगशाळेची वार्ता वॉशिंग्टनला परतली, तेव्हा तेथे खरा पैसा मंजूर झाला. आरशासमोर आरसा ठेवला म्हणजे प्रतिमांची रांग दिसू लागते, पण मधे वस्तू एकही नसते, तसा हा प्रकार आहे.

आता प्रश्न असा की, सरकारे असल्या गोष्टींवर पैसा का खर्च करतात? ‘सेनापती भोळे असतात’ हे उत्तर ऐकावयास बरे वाटते, परंतु ते खरे नाही. ज्यांनी हा पैसा मंजूर केला त्यांपैकी बहुतेकांना तंत्रविद्येचे उत्तम ज्ञान होते. त्याच वर्षांत तेच लोक उपग्रहांवर आणि क्षेपणास्त्रांवर अत्यंत काटेकोर हिशेबाने काम करून घेत होते. तेव्हा दोष व्यक्तींच्या बुद्धीत शोधण्यापेक्षा ज्या व्यवस्थेत ही बुद्धी राबविली जाते तिच्यात शोधला पाहिजे.

या दृष्टीने सी.आय.ए.ने १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सुरू करविलेले काम थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. प्रथम या संस्थेविषयी. स्टॅनफर्ड विद्यापीठाने ती स्थापन केली होती आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळात तेथे लष्करासाठी बरेच काम चाले. १९६९ च्या एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांनी गुप्त लष्करी संशोधन करणाऱ्या विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत ठिय्या दिला. संस्था विद्यापीठाच्या ताब्यात ठेवावी आणि तिच्या कामावर विद्यापीठाने नियंत्रण आणावे, अशी त्यांची मागणी होती. विश्वस्तांनी नेमके उलटे केले. १९७० मध्ये त्यांनी संस्थाच विद्यापीठापासून तोडून टाकली. युद्धसंशोधनाचा कलंक विद्यापीठाच्या अंगावरून गेला, आणि संस्थेवर लक्ष ठेवू पाहणारे डोळेही गेले. दोन वर्षांनी ज्या कामाविषयी आपण बोलत आहोत ते या मोकळ्या झालेल्या संस्थेत आले. हा योगायोग असेलही, पण तो लक्षात ठेवण्याजोगा आहे.

हॅरल्ड पुथॉफ आणि रसेल टार्ग हे दोघे लेसरवर काम केलेले पदार्थवैज्ञानिक. इंगो स्वान नावाच्या न्यूयॉर्कच्या एका चित्रकाराने केवळ मनाच्या एकाग्रतेने एका संवेदनशील चुंबकमापक यंत्रावर परिणाम केला, असे पुथॉफ यांनी कळविले आणि सी.आय.ए.ची माणसे त्यांच्या दारी आली. पहिला करार जेमतेम पन्नास हजार डॉलरांचा होता. बसल्या जागेवरून दूरचे स्थळ ‘पाहणे’ हा कामाचा मुख्य विषय ठरला. महाभारतातील संजयाला जी दृष्टी व्यासांच्या कृपेने मिळाली, ती येथे सरकारी कंत्राटाने मिळवावयाची होती. इंग्रजीत त्यास ‘रिमोट व्ह्यूइंग’ असे नवे नाव देण्यात आले. नवे नाव ही अशा उद्योगांची पहिली गरज असते. जुन्या नावाला जुनी अपकीर्ती चिकटलेली असते.

याच संस्थेत चमचे वाकविणारा इस्रायली युरी गेलर याचीही परीक्षा घेण्यात आली. ती चालू असताना संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने काही तज्ज्ञ पाहणीसाठी पाठविले. त्यांत रे हायमन हे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांना तारुण्यात स्वतः जादूचे प्रयोग करण्याची सवय होती आणि गेलरमध्ये त्यांना हातचलाखीपलीकडे काही आढळले नाही. हायमन यांचे नाव लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

१९७४ च्या ऑक्टोबरात ‘नेचर’ या सुप्रसिद्ध विज्ञानपत्रिकेने टार्ग आणि पुथॉफ यांचा निबंध छापला. परीक्षकांना त्यात काय उणे वाटले हेही संपादकांनी सोबत लिहिले होते. पण निबंध ‘नेचर’मध्ये आला एवढेच सर्वत्र सांगितले गेले. प्रयोगाची रीत अशी होती: एक माणूस शहरातील एखाद्या स्थळी जाई, दुसरा प्रयोगशाळेत बसून ते स्थळ कसे आहे ते सांगे आणि त्याचे बोलणे टिपून घेतले जाई. अशी अनेक टिपणे झाली की परीक्षकाला टिपणे आणि स्थळांची यादी देऊन जोड्या लावावयास सांगत. जोड्या आश्चर्यकारक रीतीने जुळल्या.

न्यूझीलंडमधील डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी हा प्रयोग स्वतः करून पाहिला, तेव्हा काहीच जुळेना. मग त्यांनी मूळ टिपणे मिळविण्याची खटपट केली. ती सहजासहजी मिळाली नाहीत. जी मिळाली त्यांत गुपित उघड झाले. टिपणांत ‘कालची दोन स्थळे’ असे उल्लेख राहिले होते, काहींवर तारखा होत्या, काहींत आधी पाहिलेल्या स्थळाची आठवण काढलेली होती. परीक्षकाच्या हातातील यादीही ज्या क्रमाने स्थळांना भेटी दिल्या त्याच क्रमाची होती. एवढ्या खुणा असल्यावर जोड्या लावण्यास दिव्यदृष्टीची गरज ती काय? त्या दोघांनी कॅलिफोर्नियाला न जाता, केवळ खुणांवरून जोड्या लावून दाखविल्या. खुणा काढून टाकल्यावर मात्र नव्या परीक्षकांना काही साधेना. हे १९७८ मध्ये त्याच ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

उघड विज्ञानाचा व्यवहार हा असा असतो. एकाने केले, दुसऱ्याने करून पाहिले, जमले नाही, मूळ कागद मागितले, दोष सापडला. यास चार वर्षे लागली, आणि गेली एकदाची ती पीडा, असे कोणासही वाटेल. परंतु ज्या वर्षी ‘नेचर’ने हे खंडन छापले, त्याच वर्षी अमेरिकन सैन्याने मेरिलँडमधील फोर्ट मीड येथे या विद्येची स्वतःची तुकडी उभी केली होती!

सी.आय.ए.चा उत्साह तोवर ओसरला होता. कॅलिफोर्नियातील बरबँक गावचा माजी पोलीस अधिकारी पॅट प्राइस याला १९७४ मध्ये एका सोव्हिएत ठिकाणाचे केवळ अक्षांश-रेखांश दिले गेले. हे ठिकाण कझाकस्तानातील सेमिपालातिन्स्कचे होते. त्याने तेथील एक प्रचंड गॅन्ट्री क्रेन काढून दाखविली, आणि उपग्रहाच्या छायाचित्रात तशी क्रेन खरोखरच होती. ही हकिगत आजही भक्तिभावाने सांगितली जाते. त्याने त्याच बैठकांत सांगितलेल्या इतर पुष्कळशा गोष्टी चुकीच्या होत्या, हा भाग मात्र सांगणारे गाळतात. नवस फळल्याची कथा गावभर होते आणि न फळलेले नवस कोणी मोजत नाही, हे आपल्याकडील अनुभवाने आपण जाणतोच. १९७५ मध्ये प्राइस वारला आणि त्यानंतर सी.आय.ए.ने हात आखडता घेतला.

सी.आय.ए.ने सोडलेले मूल सैन्याने आणि संरक्षण हेरखात्याने वाढविले. दर काही वर्षांनी त्याचे नाव बदलत गेले: ‘गोंडोला विश’, ‘ग्रिल फ्लेम’, ‘सेंटर लेन’, ‘सन स्ट्रीक’ आणि शेवटी ‘स्टार गेट’. जुन्या लाकडी बराकींत थोडी माणसे बसत आणि ओलीस धरलेले लोक, हरवलेली विमाने, शत्रूच्या पाणबुड्या यांचे मनाने शोध घेत. काँग्रेसमध्ये या कामाला पाठीराखे होते. नॉर्थ कॅरोलिनाचे प्रतिनिधी चार्ली रोझ यांचा युक्तिवाद असा होता की, ही विद्या खरी ठरली तर तिच्याइतके स्वस्त रडार दुसरे नाही. आणि ती रशियनांपाशी असली व आपल्यापाशी नसली तर आपली धडगत नाही.

या युक्तिवादाच्या दोन्ही अंगांकडे नीट पाहिले पाहिजे, कारण साऱ्या विषयाचे मर्म त्यात आहे. पहिले अंग स्वस्ताईचे. या उद्योगावर वीसहून अधिक वर्षांत मिळून सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले. एफ-१५ जातीच्या एका लढाऊ विमानाची किंमत त्याहून अधिक भरते. लष्करी अंदाजपत्रकाच्या महापुरात हा पेलाभर पाण्याचा हिशेब कोणी विचारावयाचा? ज्या देशात लष्करासाठी सांडलेल्या पैशावर एक प्रयोगशाळा जगते, तेथे शाळेच्या मधल्या वेळच्या खाण्यासाठी मात्र दर डॉलरचे समर्थन मागितले जाते. आणि फायदा झालाच तर तो अमर्याद होईल, असे गृहीत धरले की कितीही लहान शक्यता कागदावर मोठी दिसू लागते. लॉटरीचे तिकीट विकणारा नेमका हाच हिशेब मांडतो.

दुसरे अंग शत्रूच्या भीतीचे, आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. ‘ही विद्या खरी आहे काय?’ हा प्रश्न प्रयोगाने सुटतो. ‘शत्रू या विद्येवर काम करीत आहे काय?’ हा प्रश्न हेरगिरीने सुटतो, आणि त्याचे उत्तर बहुधा होकारार्थी येते, कारण शत्रूही आपल्याविषयी तोच प्रश्न विचारून घाबरलेला असतो. एकदा पहिल्या प्रश्नाच्या जागी दुसरा बसला की खोट्या गोष्टीला खोटी ठरविण्याचा मार्गच बंद होतो. प्रयोग फसला तर म्हणावयाचे, शत्रूला काही अधिक साधले असेल. शत्रूकडे काहीच आढळले नाही तर म्हणावयाचे, त्याने फार चांगले लपविले आहे. शिवाय सर्व गुप्त असल्यामुळे तिसरा कोणी येऊन मूळ टिपणे मागू शकत नाही. मार्क्स आणि कॅमन यांनी उघड निबंधाचे जे केले ते फोर्ट मीडच्या बराकींतील कागदांचे करणे कोणास शक्य नव्हते.

सोव्हिएत संघाचे विघटन झाल्यावर भीतीचे कारण उरले नाही. १९९५ मध्ये काँग्रेसच्या सांगण्यावरून हे काम पुन्हा सी.आय.ए.कडे आले आणि तिने बाहेरच्या एका संस्थेकडून त्याचे मूल्यमापन करविले. दोन परीक्षक नेमले गेले. संख्याशास्त्रज्ञ जेसिका उट्स यांच्या मते प्रयोगशाळेतील आकड्यांत योगायोगाने न उलगडणारे काही तरी होते. दुसरे परीक्षक ते मान्य करीत नव्हते, आणि ते दुसरे कोणी नसून रे हायमन होते. एका गोष्टीविषयी मात्र अहवाल स्पष्ट होता. इतक्या वर्षांत या दृष्टीने मिळालेल्या माहितीच्या आधारे हेरखात्याची एकही कारवाई झालेली नव्हती. काम बंद करण्यात आले. हायमन यांनी प्रारंभीच जो संशय कळविला होता, तो दप्तरी दाखल व्हावयास बावीस वर्षे लागली.

येथवर ऐकून कोणी हसेल. काही पैसा वाया गेला, काही माणसांनी डोळे मिटून चित्रे काढली, यात कोणाचे काय गेले? म्हणून याच व्यवस्थेचे दुसरे, रक्ताळलेले रूप पाहणे आवश्यक आहे.

कोरियाच्या युद्धात चीन आणि उत्तर कोरियाच्या कैदेतील काही अमेरिकन वैमानिकांनी जंतुयुद्धाची कबुली दिली. युद्ध संपल्यावर एकवीस अमेरिकन सैनिकांनी मायदेशी परतण्यास नकार दिला. आपला माणूस शत्रूचे म्हणणे मान्य करतो, याचा अर्थ शत्रूपाशी मन धुऊन काढण्याची काही गुप्त विद्या असली पाहिजे, असा निष्कर्ष वॉशिंग्टनमध्ये काढण्यात आला. एखादा सैनिक कम्युनिस्टांचे म्हणणे ऐकून स्वतः काही विचार करील, ही शक्यता हिशेबात धरलीच गेली नाही. १९५३ च्या एप्रिलमध्ये सी.आय.ए.चे प्रमुख ॲलन डलेस यांनी ‘एमके-अल्ट्रा’ या कार्यक्रमास मंजुरी दिली. सिडनी गॉटलिब हे रसायनशास्त्रज्ञ त्याचे चालक होते. एल.एस.डी., संमोहन, विजेचे झटके, एकांत, यांपैकी कशानेही माणसाचे मन ताब्यात घेता येते का, हे पाहावयाचे होते.

सी.आय.ए.नेच कॉर्नेल विद्यापीठाच्या दोन डॉक्टरांकडून, हॅरल्ड वुल्फ आणि लॉरेन्स हिंकल यांच्याकडून, या ‘विद्ये’चा अभ्यास करविला होता. १९५६ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांना कोणतेही गूढ औषध किंवा यंत्र आढळले नाही. एकांतवास, झोपमोड, थंडी, भूक, अखंड चौकशी हे पोलिसी छळाचे जुनेच प्रकार होते. म्हणजे ज्या भीतीपोटी कार्यक्रम निघाला ती निराधार असल्याचे त्यांच्याच माणसांनी लिहून दिले. कार्यक्रम तरीही चालू राहिला. भय खोटे ठरले म्हणून त्यासाठी मंजूर झालेली पदे आणि अनुदाने खोटी ठरत नाहीत!

प्रयोगासाठी माणसे कोठून आणली? केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे व्यसनी कैद्यांसाठी सरकारी रुग्णालय होते. तेथील कैद्यांत कृष्णवर्णीयांचा मोठा भरणा होता. त्यांना एल.एस.डी. देण्यात आले, आणि सात जणांना तर सलग सत्त्याहत्तर दिवस. मोबदल्यात त्यांना ज्या मादक द्रव्याच्या व्यसनातून सोडवावयाचे तेच द्रव्य मिळे. कॅनडातील माँट्रियल येथे डॉक्टर यूएन कॅमरन यांच्या रुग्णालयात चिंता, बाळंतपणानंतरची खिन्नता अशा साध्या तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णांना आठवडेच्या आठवडे औषधाने झोपवून ठेवीत, विजेचे जबर झटके देत, आणि एकच वाक्य हजारो वेळा ध्वनिफितीवरून ऐकवीत. काहींची स्मृती कायमची गेली. सैन्याच्या जंतुशास्त्र विभागातील फ्रँक ओल्सन यांना १९५३ च्या नोव्हेंबरात न सांगता पेयातून एल.एस.डी. पाजण्यात आले. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमधील हॉटेलच्या वरच्या मजल्यावरील खिडकीतून पडून ते मरण पावले. त्यांच्या कुटुंबाला खरे कारण बावीस वर्षांनी कळले.

१९७३ मध्ये सी.आय.ए.चे तत्कालीन प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांच्या आज्ञेने या कार्यक्रमाची कागदपत्रे नष्ट करण्यात आली. जी वाचली ती हिशेबाच्या दप्तरात ठेवलेली होती म्हणून वाचली. १९७७ मध्ये सिनेटपुढे जी साक्ष झाली तीत, १४९ उपप्रकल्प आणि ८० संस्था, त्यांत ४४ महाविद्यालये व विद्यापीठे, एवढा पसारा निघाला. आपण कोणाच्या पैशावर काम करीत आहोत हे त्यांतील कित्येकांना ठाऊक नव्हते. इतक्या खटाटोपानंतर हाती आलेले ज्ञान काय? गॉटलिब स्वतःच शेवटी या निर्णयाप्रत आले की, औषधाने मनावर इच्छित ताबा मिळविता येत नाही.

लष्करी गुप्ततेखाली कोणाचाही हात धरला जात नाही. आणि ज्यांच्यावर प्रयोग होतात ते कैदी, वेडे, व्यसनी असल्याने त्यांच्या तक्रारीला साक्ष म्हणून किंमत नसते. एवढी सोय असल्यावर प्रमाणाची फिकीर कोण करणार?

शीतयुद्ध संपल्यावर हे थांबले असे मात्र नाही. १९९९ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या डल्लस येथील एका गटाने प्रसिद्ध केले की, हाफ्नियम या धातूच्या एका उत्तेजित अणुप्रकारातील ऊर्जा क्ष-किरणांनी एकदम मोकळी करता येते. क्ष-किरणांचे यंत्र दंतवैद्याच्या खोलीतील होते आणि नमुना उलट्या ठेवलेल्या थर्मोकोलच्या पेल्यावर मांडला होता. पेल्याची चेष्टा करावी असे नव्हे. थोर शोध साध्या साधनांनीही लागले आहेत. परंतु एका ग्रॅममध्ये सुमारे तीनशे किलो टी.एन.टी.इतकी ऊर्जा आहे, हे गणित खरे असल्याने पेंटॅगॉनच्या तोंडाला पाणी सुटले. ऊर्जा आहे, पण ती सांगेल तेव्हा बाहेर येते का? २००१ मध्ये आर्गॉन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत कितीतरी प्रखर क्ष-किरणांनी प्रयोग करण्यात आला आणि काहीही आढळले नाही. सरकारला सल्ला देणाऱ्या शास्त्रज्ञांचा अभिप्रायही प्रतिकूल होता. तरी संरक्षण खात्याने ‘हाफ्नियम बॉम्ब’साठी पैसा चालू ठेवला. काँग्रेसने तो तोडला तेव्हा कोठे हा घोडा थांबला.

साम्राज्यशाहीविषयी इतके बोलल्यावर समाजवादी गोटाविषयी मौन पाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लायसेंकोने जनुकशास्त्राला बूर्ज्वा ठरविले, १९४८ च्या ऑगस्टमध्ये कृषी अकादमीच्या अधिवेशनात त्याच्या मतावर सरकारी शिक्कामोर्तब झाले, आणि त्यापूर्वीच, १९४३ मध्ये, निकोलाय वाविलोव्हसारखा जागतिक कीर्तीचा वनस्पतिशास्त्रज्ञ सारातोवच्या तुरुंगात मरण पावला होता. तो विषय शेतीचा होता, लष्कराचा नव्हे. पण टीका करणाऱ्याला शत्रूचा हस्तक ठरविले की काय होते, ते त्यात दिसले. ज्या चळवळीने विज्ञानाला आपला आधार मानले तिच्या हातून हे व्हावे, ही बोचणी विसरण्याजोगी नाही. लष्करी क्षेत्रातही सोव्हिएत व्यवस्था यापासून मुक्त राहिली नाही. ‘टॉर्शन’ किरणांनी सैन्याचे रक्षण करता येईल, शत्रूला दुरून हतबल करता येईल, अशा दाव्यांवर सरकारी पैसा गेला. १९९१ च्या जुलैत सर्वोच्च सोव्हिएतच्या विज्ञान-तंत्रज्ञान समितीने सरकारी निधीतून छद्मविज्ञानाला पैसा देण्याच्या प्रथेचा ठराव करून निषेध केला. पन्नास कोटी रूबलांचा आकडा त्या वेळी पुढे आला होता. येथेही दोष उघडकीस आणणारे शास्त्रज्ञच होते, आणि तेही गुप्ततेचा पडदा फाटू लागल्यावर.

आपल्या देशातही हे वारे पोहोचलेले आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील काही अध्यापकांनी १९७४ मध्ये ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची छाननी केली आणि त्यातील विमाने उडू शकत नाहीत असे दाखवून दिले. त्या ग्रंथाचे प्राचीनत्वही टिकले नाही. पुढे २००२ च्या मे महिन्यात बी.बी.सी.ने वृत्त दिले की, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितलेल्या योगांवर, म्हणजे महिनाभर अन्नावाचून सैनिक लढता ठेवणे, काजवे आणि रानडुकराचे डोळे यांच्या चूर्णाने अंधारात दिसणे इत्यादींवर, संरक्षण मंत्रालयाच्या पैशाने पुण्यात संशोधन होणार आहे. अर्थशास्त्र हा राजनीतीचा थोर ग्रंथ आहे, आणि त्याच्यातील या प्रकरणाला इतिहास म्हणून मोल आहे. परंतु सीमेवर कुडकुडणाऱ्या जवानाला लोकरीचे कपडे वेळेवर न पोहोचविता काजव्यांचे चूर्ण शोधणे, हा त्या ग्रंथाचा गौरव नव्हे. येथेही ‘प्राचीन भारताला ठाऊक होते’ हे वाक्य शत्रूच्या भीतीच्या जागी बसते, आणि काम तेच करते. शंका घेणाऱ्याला ते गप्प बसविते.

शेवटी प्रयोगशाळेबाहेरची, रस्त्यावरची एक हकिगत. अमेरिकन आक्रमणानंतर इराकमधील शहरांत बॉम्बचे थैमान चालले असता, ‘ए.डी.ई. ६५१’ नावाचे एक स्फोटकशोधक यंत्र एका ब्रिटिश विक्रेत्याने इराकी सरकारला विकले. मुठीएवढा दांडा, त्याला एक मोकळी फिरणारी तार, आत बॅटरी नाही. सैनिकाने जागच्या जागी पावले टाकावीत म्हणजे शरीरातील स्थिर विजेने ते चालते, असे सांगितले जाई. हे मूळचे गोल्फचा हरवलेला चेंडू शोधण्याचे म्हणून अमेरिकेत वीस डॉलरांना मिळणारे एक खेळणे. ते हजारो डॉलरांना एक, याप्रमाणे विकले गेले आणि इराकने त्यावर सुमारे साडेआठ कोटी डॉलर खर्च केले. २०१० च्या जानेवारीत बी.बी.सी.ने त्यातील ‘स्फोटक ओळखणारे’ कार्ड केंब्रिज विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उघडून पाहिले, तेव्हा आत दुकानातील मालाची चोरी होऊ नये म्हणून लावतात तसली स्वस्त चिकटपट्टी निघाली. ब्रिटनने इराक आणि अफगाणिस्तानला होणारी निर्यात लगेच थांबविली. इराकी बॉम्बविरोधी दलाचा प्रमुख मात्र जाहीरपणे म्हणत राहिला की यंत्र काम करते. तो पुढे भ्रष्टाचाराबद्दल तुरुंगात गेला. विक्रेत्याला लंडनच्या न्यायालयाने २०१३ च्या मे महिन्यात दहा वर्षांची शिक्षा दिली.

तरीही बगदादच्या नाक्यानाक्यावर पोलीस तोच दांडा हातात धरून गाड्यांसमोरून चालत राहिले. पोलिसांना ठाऊक होते, गाडीवानांना ठाऊक होते, आणि ज्यांनी ते खरेदी केले त्यांनाही ठाऊक होते. नाक्यावर काहीच नाही असे दिसणे सरकारला परवडत नव्हते. ३ जुलै २०१६ च्या रात्री, रमझानच्या अखेरच्या दिवसांत, करादा भागातील बाजारपेठेत ईदच्या खरेदीसाठी गर्दी उसळलेली असताना स्फोटकांनी भरलेली एक मोटारगाडी फुटली. तीनशेहून अधिक माणसे होरपळून मेली. त्या रात्री पंतप्रधान अल-अबादी यांनी हुकूम काढला की, ही यंत्रे सर्व नाक्यांवरून काढून घ्यावीत.